वानरांचे 'सत्तांतर' आणि आपली न्यायबुद्धी

कथा-कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्या अनेकांना प्राण्यांविषयीही जिव्हाळा असतो. आम्ही त्यांपैकीच. रान प्रत्यक्ष पाहण्याच्या कितीतरी आधी ते आपण पुस्तकात पाहिलेले असते. लांडगा, अस्वल, वाघ यांची पहिली ओळख गोष्टींतून होते, आणि पुढे वन्यजीव वाचले पाहिजेत असे जे वाटते त्याची सुरुवातही बहुधा तिथेच असते. म्हणून शाळेत निसर्गरक्षणाचा विषय निघाला की आपण शिक्षक मंडळी लगेच गोष्टीचा आधार घेतो. मुलांना प्राण्याचा लळा लागला की ती त्याचे रक्षण करतील, असा आपला विश्वास असतो.

हा विश्वास कितपत खरा आहे? गोष्टीने लावलेला लळा खऱ्या प्राण्याच्या कामी येतो का? हे तपासण्यासाठी आम्ही व्यंकटेश माडगूळकर यांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी पुन्हा वाचली. ती १९८२ साली प्रसिद्ध झाली आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्यातील पात्रे म्हणजे वानरे, काळ्या तोंडाची आणि लांब शेपटीची. एका टोळीवर एका नराचा ताबा असतो. बाहेरचे नर टपून असतात. झुंजी होतात, जुना नर हुसकला जातो, नवा येतो, आणि टोळीतली तान्ही पिल्ले मारली जातात. एवढीच गोष्ट.

ही कादंबरी वर्गात सांगितली की एक प्रश्न हमखास येतो: "पिल्लांना मारणाऱ्या वानराला वाचवायचं तरी कशाला?" प्रश्न विचारणारे मूल उद्धट नसते. आपणच त्याला शिकवलेले असते की चांगल्या प्राण्यांवर प्रेम करावे. या लेखात आम्ही या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत.

किपलिंगची माकडे आणि माडगूळकरांची वानरे

तुलनेसाठी रुडयार्ड किपलिंगचे 'जंगल बुक' घेऊ. १८९४ साली निघालेले हे पुस्तक आपल्याकडे अनुवादांतून आणि पुढे दूरदर्शनवरच्या मालिकेतून घराघरांत पोहोचले. त्यातले रान मध्य भारतातले, शिवनीच्या परिसरातले आहे. किपलिंगने एक मोठे काम केले. ज्या काळात इंग्रज सरकार लांडगा मारणाऱ्याला बक्षीस देत होते, त्या काळात त्याने लांडग्याला प्रेमळ आईबाप केले. पण त्यासाठी त्याने रानाची सरळ दोन गटांत वाटणी केली. काही प्राणी कायदा पाळणारे, आणि माकडे मात्र बेशिस्त, विसराळू, ना नेता ना नियम अशी. बाकीचे रान त्यांच्याशी बोलतही नाही.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास नेमके उलटे सांगतो. माकडे आणि वानरे यांच्या टोळ्या अतिशय बांधलेल्या असतात. कोण कोणाशेजारी बसेल, कोण कोणाच्या अंगावरच्या उवा-कचरा वेचेल, पिल्लू कोणाकडे द्यायचे, याला तिथे रीत असते. किपलिंगच्या माकडांवर हसणारे मूल खऱ्या माकडाकडे पाहायचेच सोडून देते, कारण पाहण्यासारखे काही आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. 'सत्तांतर'चा पहिला गुण हा की तिथे रीत दिसते. तिथले वानर खाते, झोपते, लढते, जुगते आणि मरते ते वानर म्हणूनच. त्याला सज्जन किंवा दुर्जन ठरवण्याची घाई लेखकाला नाही. 'बनगरवाडी'त माणदेशातल्या धनगरांकडे आणि दुष्काळाकडे ज्या शांतपणे त्यांनी पाहिले, तीच नजर इथे वानरांकडे वळली आहे.

कादंबरीमागचे विज्ञान

पिल्ले मारली जाण्याचा प्रसंग लेखकाच्या कल्पनेतून आलेला नाही. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या वर्षांत धारवाडच्या परिसरात वानरांचा अभ्यास केला. बाहेरच्या नरांनी टोळीतल्या नराला हुसकल्यावर पिल्ले मारली गेल्याचे त्यांनी नोंदवले. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनाही तसेच दिसले. १९७७ साली सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेचे अबूच्या वानरांवरील पुस्तक आले आणि या वर्तनाला एक कारण सुचवले गेले.

ते कारण असे. वानराची मादी साधारण दोनशे दिवस गाभण असते आणि त्यानंतर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ पिल्लाला पाजते. पाजत असताना ती सहसा पुन्हा माजावर येत नाही. टोळीवर एका नराचा ताबा बऱ्याच ठिकाणी सरासरी दोन वर्षांच्या आसपासच टिकतो. म्हणजे नव्या नराजवळ वेळ थोडा असतो. अंगावर पिणारे पिल्लू मेले तर मादी लवकर माजावर येते आणि त्या नराची संतती जन्मण्याची शक्यता वाढते. नर असा हिशोब करतो असे मात्र नाही. असे वागणाऱ्या नरांची संतती अधिक उरली, म्हणून ते वर्तन टिकले, एवढेच म्हणणे आहे.

हे सर्वांना पटले नाही. काही अभ्यासकांच्या मते ही दाटीमुळे आणि माणसाच्या सान्निध्यामुळे आलेली विकृती होती. वाद बरीच वर्षे चालला. १९९९ साली नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या विष्ठेतून मिळवलेल्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. पिल्लांवर हल्ले करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, असे तिच्यात आढळले. हर्डी यांच्या कारणाला यामुळे बळ मिळाले. कादंबरी निघाली त्या वेळी हा वाद ऐन भरात होता, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

आमचे दोन आक्षेप

कादंबरी आम्हाला आवडते. म्हणूनच तिच्याविषयी दोन गोष्टी स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत.

पहिला आक्षेप तिच्या नावाला आहे. 'सत्तांतर' हा राजकारणातला शब्द. १९८२ च्या वाचकाने १९७७ आणि १९८० अशी दोन सत्तांतरे नुकतीच पाहिलेली होती. साहजिकच अनेकांनी ही कादंबरी माणसांच्या सत्तास्पर्धेचे रूपक म्हणून वाचली, आणि आजही वाचतात. रूपक म्हणून वाचायला हरकत नाही. पण त्यात वानर हरवते. 'माणूसही असाच' एवढे म्हणून पुस्तक मिटले की वानराविषयी काही जाणून घ्यायचे उरत नाही. शिवाय या नावाने आपली नजर नराकडेच जाते. वास्तविक वानरांच्या टोळीचा कणा माद्यांचा असतो. मादी सहसा जन्मलेल्या टोळीतच आयुष्य काढते. आई, मुली, बहिणी, मावश्या यांची मिळून टोळी होते. एकीचे काळसर रंगाचे तान्हे पिल्लू दुसऱ्या माद्या सांभाळायला घेतात. नर येतात आणि जातात. टोळी तीच राहते. हर्डी यांनी पिल्लू वाचवण्यासाठी माद्या काय काय करतात यावरच भर दिला होता. कादंबरीत माद्या आहेत, पण शीर्षकाने त्यांना मागच्या रांगेत बसवले आहे.

दुसरा आक्षेप वाचकाच्या सवयीला आहे. कादंबरी एका टोळीची गोष्ट सांगते आणि आपण ती सगळ्या वानरांना लावतो. प्रत्यक्षात काही ठिकाणच्या टोळ्यांत एकच प्रौढ नर असतो, तर काही ठिकाणी अनेक असतात. रामनगरच्या टोळ्या बहुतेक अशाच होत्या. ताबा बदलला की दर वेळी पिल्ले मारली जातातच असेही नाही. 'काही' आणि 'सर्व' यांतला फरक कादंबरीने सांगावा अशी अपेक्षा चुकीची ठरेल. ते काम विज्ञानाच्या शिक्षकाचे आहे.

इथे विज्ञानाची बाजू घेऊन साहित्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. शास्त्रज्ञांनीही 'ताबा', 'जनानखाना' असे शब्द माणसाच्याच व्यवहारातून उचलले. फरक इतकाच की विज्ञानाला आपला शब्द पुढे तपासून पाहावा लागतो, जसा तो रामनगरला तपासला गेला. गोष्टीवर अशी सक्ती नसते.

गोष्ट बातमीत शिरते तेव्हा

ही सक्ती नसली की काय होते, याचे उदाहरण डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच राज्यात घडले. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या एका गावात वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांच्या छपरांवर नेत होती आणि काही पिल्ले मरत होती. बातमी देशभर आणि परदेशातही गेली ती अशी: कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले, म्हणून वानरांनी सूड घेतला आणि सुमारे अडीचशे कुत्री मारली. सूड ही कथेतली जुनी आणि हुकमी कल्पना. ती मिळताच आकडा कोणी मोजला, किती दिवसांत, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. उचललेली पिल्ले उपासमारीने आणि उंचावरून पडून मेली, असा साधा खुलासाही पुढे आला होता. दुसऱ्याचे पिल्लू उचलून जवळ बाळगणे ही वानरांची नेहमीची रीत आहे, हे वर आलेच आहे. पण खुलाशापेक्षा गोष्ट वेगाने धावली. वन विभागाने दोन वानरे पकडून तिथून हलवली.

हा प्रसंग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. प्राण्याला माणसाचे गुण चिकटवले की त्याला माणसाची शिक्षाही द्यावीशी वाटते. प्रेमळ म्हणून जो लाडका होतो तो क्रूर ठरला की नकोसा होतो. म्हणजे लळ्यावर उभे असलेले रक्षण प्राण्याच्या वर्तनाची पहिली खरी माहिती कळताच कोसळू शकते.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या प्रश्नाकडे येऊ. पिल्ले मारणाऱ्या वानराला का वाचवायचे? आमचे उत्तर असे की रक्षण हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा कोणत्याही प्राण्याकडे चारित्र्याचा दाखला मागत नाही. वानर पाने, फुले, फळे खाते, बिया इकडून तिकडे नेते, बिबट्याचे भक्ष्य होते, आणि बिबट्या किंवा वाघ दिसला की ओरडून इशारा देते. त्याच्या टोळीत काय घडते ते बरे की वाईट, हा प्रश्न आपल्या समाजाचा आहे, त्याच्या नव्हे.

यावर एक खरा आणि अवघड प्रतिप्रश्न कोकणातला विद्यार्थी विचारील. गोष्टीतले वानर त्याच्या घरच्या फणसाला हात लावत नाही. खरे वानर लावते. त्याच्या घरी वर्षाचे नुकसान होते आणि वर्गात आपण त्याला वानराची कादंबरी वाचायला देतो. त्याची तक्रार हे निसर्गप्रेमाच्या अभावाचे लक्षण मानू नये. नुकसान कसे मोजायचे, भरपाई कोणी द्यायची, गावात टाकलेले अन्न आणि उघडा कचरा यांमुळे टोळ्या वस्तीकडे वळतात का, हे प्रश्न त्याच्यासोबतच सोडवावे लागतील. त्याची उत्तरे कोणत्याही कादंबरीत नाहीत.

मग कादंबरी वाचायची कशासाठी? आमच्या अनुभवाप्रमाणे ती आपल्याला थांबून पाहायला लावते. 'सत्तांतर' वाचल्यानंतर रस्त्याकडेच्या वडावर बसलेली वानरे आम्हाला नुसता घोळका म्हणून दिसेनाशी झाली. पिल्लू कोणाकडे आहे, मोठा नर कुठे बसला आहे, हे शोधण्याची सवय लागली. एवढे काम ललित पुस्तकाने केले की पुढचे काम वहीचे आणि पेन्सिलीचे.

शिक्षकांना एक सूचना करून थांबतो. गावाजवळ वानरांची टोळी येत असेल तर वर्गाचे दोन गट करावेत. अर्धा तास दुरून, खायला न घालता आणि न चिडवता, दोघांनी एकच टोळी पाहावी. एका गटाने जे दिसले तेवढेच लिहावे: 'मादीने पिल्लू दुसऱ्या मादीकडे दिले.' दुसऱ्या गटाने त्याची गोष्ट लिहावी. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून गोष्टीतला कोणता शब्द पाहण्यातून आला आणि कोणता आपण घातला, ते मुलांनीच लाल शाईने दाखवावे. गोष्ट खोडायची नाही. फक्त आपण घातलेल्या शब्दांखाली रेघ मारायची.