रेषा, तांब्या आणि ठोकळा

चित्रकलेविषयी आमच्या सुशिक्षित समाजात दोन मते रूढ आहेत, आणि गंमत अशी की, ही दोन्ही मते पुष्कळदा एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. पहिले मत असे की, चित्रकला ही ईश्वरी देणगी होय. ती ज्याच्या बोटांत आहे त्यास शिकविण्याचे कारण नाही, आणि ज्याच्या बोटांत नाही त्यास शिकवून उपयोग नाही. दुसरे मत अधिक व्यवहारी आहे. मुलाने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या दोन परीक्षा देऊन टाकाव्या, म्हणजे शालान्त परीक्षेच्या बेरजेत चार गुण पदरात पडतात, एवढेच त्याचे सार. ह्या दोन मतांच्या कात्रीत जी एक गोष्ट सापडली आहे तिची बाजू मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती गोष्ट म्हणजे चित्रकलेचा अगदी आरंभीचा रियाज : एका दमात रेषा ओढणे, लंबवर्तुळ काढणे आणि यथार्थदर्शनाच्या नियमांनी ठोकळा उभा करणे.

प्रस्तुत लेखक चित्रकार नाही. सारे आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेले. परंतु घरातल्या एका अनुभवामुळे ह्या विषयाकडे पाहणे भाग पडले. माझी पुतणी लहानपणापासून चित्रे काढीत असे. वह्यांच्या मागच्या पानांवर, लग्नपत्रिकांच्या पाठीवर, क्वचित् माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या समासातही. तिच्या त्या वेळच्या रेषा वेड्यावाकड्या असत; पण त्यांत भीती नसे. पुढे परीक्षेची तयारी सुरू झाली. वस्तुचित्रासाठी टेबलावर एक तांब्या, एक पुठ्ठ्याचे खोके व दोन लिंबे मांडून ती बसत असे, आणि मी वर्तमानपत्राआडून पाहत असे. तांब्याची एक कड काढावयास तिला वीस-पंचवीस बारीक फरकाटे लागत. मग खोडरबर. मग पुन्हा फरकाटे. कागदाचा पृष्ठभाग फुलून लव उभी राही. अखेर त्या फरकाट्यांतील एक निवडून ती त्यावर जोर देऊन पेन्सिल फिरवी, आणि बाकीच्यांचा मागमूस राहू देत नसे. चित्र स्वच्छ होई, आणि निर्जीवही होई. तिला अ श्रेणी मिळाली. घरी पेढे वाटले. त्यानंतर रंगांची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. मी एकदा विचारले, तेव्हा तिने सरळ सांगितले, “काका, परीक्षा झाली ना आता!”

ह्यात तिचा दोष मला दिसत नाही. तिला जे शिकविले गेले ते चित्र कसे पुरे करावे हे होते. रेषा कशी ओढावी हे कोणी शिकविले नव्हते.

रेषा ओढण्याची क्रिया वरवर पाहता क्षुल्लक वाटते. कागदावर दोन ठिपके द्यावे आणि ते जोडावे, ह्यात काय आहे? ज्यास ह्यात काही नाही असे वाटत असेल त्याने दोन ठिपके वीतभर अंतरावर देऊन पाहावे. मनगट टेकवून रेषा ओढली की, ती कमानीसारखी वाकते. कारण मनगट हे बिजागर आहे आणि बिजागराभोवती फिरणारी वस्तू वर्तुळाचा तुकडाच काढणार. बोटांनी ओढली तर ती अर्ध्या वाटेत संपते. लांब रेषेसाठी हात खांद्यापासून हलवावा लागतो, आणि डोळा पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता जेथे पोचावयाचे त्या ठिपक्यावर ठेवावा लागतो. जाणते शिक्षक आणखी एक युक्ती सांगतात : कागदास स्पर्श न करता हात त्या वाटेवरून दोन-चार वेळा नुसता फिरवावा, आणि मग टेकवून एकदाच ओढावी. चुकली तर चुकली. तिच्यावर दुसरी रेषा गिरवू नये आणि खोडू तर मुळीच नये. शेजारी नवी ओढावी. तबलजी चुकलेला बोल खोडून काढीत नाही, पुन्हा वाजवितो, तसेच हे.

लंबवर्तुळाचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे, कारण येथे हाताबरोबर बुद्धीही आडवी येते. तांब्याचे तोंड गोल आहे हे आपणांस ठाऊक असते. परंतु समोरून पाहताना ते गोल दिसत नाही, चपटे दिसते. जी कड डोळ्यांच्या पातळीला जवळ असेल ती अधिक चपटी, आणि जी खाली असेल ती अधिक उघडी. म्हणजे टेबलावरील तांब्याच्या तोंडाच्या मानाने त्याच्या बुडाचा घेर अधिक फुगीर वळणाचा असावयास पाहिजे. माझी पुतणी मात्र बूड सरळ आडव्या रेषेने काढीत असे. का? तर तांब्या सपाट टेबलावर ठेवला आहे! तिच्या डोळ्यांनी जे पाहिले ते तिच्या ज्ञानाने खोडून टाकले. तोंडाच्या दोन बाजूंना ती टोके काढी, लिंबाच्या फोडीसारखी. वास्तविक लंबवर्तुळास कोठेही कोपरा नसतो, तेथेही ते आखूड वळण घेऊन वळतेच.

ठोकळ्याविषयी थोडक्यात सांगता येईल. दूर जाणाऱ्या समांतर कडा दृष्टीच्या पातळीवर एका बिंदूत मिळाव्या, हा नियम पाठ करणे सोपे आहे. सोलापूरच्या स्टेशनवर पुलावरून रूळ पाहणाऱ्यास तो न शिकताही कळतो. परंतु खोके काढावयास बसलेले मूल मागच्या कडा पुढच्यांहून फाकवून ठेवते आणि ते खोके पाहणाऱ्याच्या अंगावर येते. निरनिराळ्या दिशांनी वळलेले शंभर ठोकळे काढले म्हणजे हात आपोआप कडा आवळू लागतो. त्यापूर्वी नियम सांगणे म्हणजे पोहण्याचे पुस्तक वाचणे होय.

ह्या साऱ्याचा आमच्याकडील इतिहास मोठा चमत्कारिक आहे. विलायतेत हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी 1850 नंतरच्या दशकात साउथ केन्सिंग्टन येथून कलाशिक्षणाचा तेवीस पायऱ्यांचा एक क्रम घालून दिला. त्याच्या प्रारंभी उपकरणांनी आखलेल्या आकृती आणि छापील नमुन्यांवरून केलेले मुक्तहस्त रेखन होते, आणि एकेक नक्कल घोटण्यात विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने जात. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा 1857 साली सुरू झाली ती ह्याच वाऱ्यात. त्याच 1857 साली रस्किनने नवशिक्यांसाठी लिहिलेल्या तीन पत्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात ह्या सरकारी पद्धतीहून अगदी निराळी वाट दाखविली. त्याचा पहिला पाठ रेषेचा नाहीच. एक चौकोन लेखणीने एकसारख्या छटेत भरावयाचा, एवढाच आहे. थोर रेखनकार सरळ रेषेखेरीज कोणतीही रेषा काढू शकतो, अशा अर्थाचे त्याचे एक मतही प्रसिद्ध आहे. रस्किन माझ्या प्रेमातला लेखक असला तरी येथे त्याचे वकीलपत्र मी घेणार नाही. सरळ रेषा ही प्रत्यक्ष चित्रात क्वचितच लागते हे खरे. पण शास्त्रीय गायकाच्या मैफलीत नुसता षड्ज तरी कितीसा लागतो? तो पहाटे लावावयाचा असतो.

साउथ केन्सिंग्टनची पद्धत रुक्ष होती, ही टीका रास्त आहे. परंतु तिने हात तयार केले हेही नाकारता येत नाही. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून 1885 पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांत प्रमुख होते. भोवती काळोख, रंग उडालेले, आणि समोर अशी रेषा की, जी एकदाच आणि न चाचरता ओढलेली आहे. चाचरत्या हाताने तिची नक्कल होणे शक्य नव्हते. अजिंठ्याच्या चित्रकारास एका बिंदूत मिळणाऱ्या रेषांचे यथार्थदर्शन ठाऊक नव्हते, किंवा हवे नव्हते. त्याचे मंडप आपापल्या सोयीच्या बाजूने दिसतात. तेव्हा ठोकळ्याचा नियम हा सनातन सत्याचा भाग नव्हे, पाश्चात्त्य प्रबोधनकाळाने घालून दिलेला एक संकेत आहे, हे मान्य केलेच पाहिजे. रेषेची गोष्ट निराळी. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र तर स्पष्टच सांगते की, चित्रात सामान्य लोकांना रंगांची श्रीमंती आवडते, पण आचार्य वाखाणतात ती रेषा. ह्या एका बाबतीत आपले प्राचीन शास्त्रकार आणि साउथ केन्सिंग्टनचे साहेब एका पंगतीस बसू शकतात.

आमच्याच जिल्ह्यातील उदाहरण द्यावयाचे तर मकबूल फिदा हुसेन यांचे देता येईल. त्यांचा जन्म पंढरपूरचा, 1915 सालचा. बालपणी बडोद्याच्या मदरशात त्यांना सुलेखनाचा नाद लागला आणि पुढे 1930 नंतरच्या दशकात मुंबईत त्यांनी सिनेमाचे भव्य फलक रंगवून पोट भरले. त्यांच्या चित्रांच्या विषयांबद्दल वाद पुष्कळ झाले, आणि त्यांच्या उत्तरवयातील कित्येक चित्रे मला घाईची वाटतात. परंतु घोड्याच्या मानेपासून पाठीवर उतरणारी त्यांची ती एकच रेषा पाहिली की, तिच्यामागे दोन शाळा उभ्या दिसतात : बोरूची आणि फलकाची. सुलेखनात अक्षर खोडता येत नाही. आणि दोन पुरुष उंचीच्या फलकावर मनगटाने काही होत नाही, खांदाच लागतो. दोन्ही ठिकाणी खोडरबर निरुपयोगी. हुसेन यांना हा रियाज परीक्षेने नव्हे, पोटाने करावयास लाविला.

आणि पंढरपूरपर्यंत तरी कशाला जावे? आमच्या शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या तेलुगू वस्तीत, सकाळी सडा पडल्यावर घरोघरच्या बायका मुग्गु घालतात. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती वेटोळी घेत जाणारी चिमटीतली धार. ती कोठे थबकत नाही, कोठे जाड-बारीक होत नाही, आणि फिरून आरंभबिंदूला येऊन मिळते. सायंकाळपर्यंत ती पायांखाली पुसून जाते, उद्या पुन्हा. ह्या बायांना कोणी कलावंत म्हणत नाही आणि त्याही स्वतःस म्हणवून घेत नाहीत. पण ज्यास रियाज म्हणजे काय ते पाहावयाचे असेल, त्याने सकाळी सहा वाजता तिकडून एक फेरी मारावी. टिकवावयाचे नसते म्हणूनच त्यांचा हात धीट असतो, असे मला वाटते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो फेटाळण्याजोगा नाही. नुसत्या रेषा आणि ठोकळे काढावयास लावून मुलांचा आनंद मारला जाणार नाही काय? मारला जाईल, जर तेवढेच करावयास लावले तर. आमच्या पिढीने पाढ्यांच्या बाबतीत हे अनुभवले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे अर्धा वेळ रियाजाला द्यावा आणि अर्धा वेळ मुलाने वाटेल ते काढावे, राक्षस, मोटारगाड्या, आजीचा चष्मा. त्याकडे वडीलधाऱ्यांनी ढुंकूनही पाहू नये. रियाजाचे कागद मात्र जपून ठेवू नयेत. रद्दीचा कागद उत्तम. छान कागद समोर आला की, हात कापू लागतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, कारण ह्या दिवाळीच्या सुटीपासून मीही रोज पाठकोऱ्या कागदांवर पन्नास रेषा व वीस लंबवर्तुळे काढीत असतो. प्रगती विशेष नाही. डाव्या बाजूचे वळण अद्याप टोकदार येते.

कला संचालनालयाच्या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती ह्यांना जागा आहे, ती असावीच. त्यांत आणखी एक अर्ध्या तासाची उत्तरपत्रिका घालता येईल : शाईची लेखणी, साधा कागद, समोर एक तांब्या आणि एक खोके, खोडरबर व फूटपट्टी वर्गाबाहेर. तपासणाऱ्याने चित्र किती स्वच्छ आहे हे न पाहता रेषा किती ठिकाणी अडखळली ते पाहावे. ज्या मुलांच्या अशा पत्रिकेत चुका पुष्कळ आणि अडखळणे थोडे, त्यांना मी सढळ हाताने गुण देईन.

पुतणीला हा प्रस्ताव ऐकविला. “मग मी नापासच झाले असते,” ती म्हणाली. आणि माझ्या पुढ्यातला पाठकोरा कागद ओढून घेऊन, माझे लंबवर्तुळ कोठे बिघडते ते तिने बॉलपेनने त्याच्या शेजारीच काढून दाखविले. एकदाच फिरवून.