भरती नसलेला समुद्र

प्रवासवर्णनात समुद्र आला की मराठी लेखकाची लेखणी एकाएकी पाझरू लागते. लाटा फेसाळतात, गाज ऐकू येते, क्षितिजावर सोन्याचा गोळा बुडतो आणि लेखकाच्या मनाला भरती येते. हा सोहळा दिवेआगरला झाला तर आमची तक्रार नाही. परंतु तोच जेव्हा नेपल्सच्या दक्षिणेला, अमाल्फीच्या किनाऱ्यावर, जसाच्या तसा पार पडतो, तेव्हा वाचकाने जरा थांबावे. कारण त्या समुद्राला सांगण्यासारखी भरतीच नाही. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते आणि उतरते. व्हेनिससारखे काही अपवाद सोडले तर भूमध्य समुद्रात हा फरक हातभरदेखील नसतो. म्हणून तर तिथली घरे पाण्याला पाय लावून बसल्यासारखी दिसतात. चित्रात ती सुंदर दिसतात हे खरे; पण ती तशी का बसली आहेत, हे आमच्या किती प्रवाशांनी विचारले?

हा प्रश्न सुचण्याचे कारण घरगुती आहे. माझी भाची पुढल्या वैशाखात त्या किनाऱ्याने एकटीच फिरायला जाणार आहे. सोरेंटोहून बसने पोझितानो, अमाल्फी, मग सालेर्नो. डोंगराच्या कड्याला चिकटून जाणारा तो रस्ता, खाली निळे पाणी, वर लिंबांच्या बागांच्या पायऱ्या. युनेस्कोने १९९७ साली हा सारा प्रदेश जागतिक वारशात घेतला. तिच्या आईला वारशाशी कर्तव्य नाही, ‘एकटीच?’ हा एकच शब्द ती दिवसातून चारदा उच्चारते. भाचीने मला विचारले, “मामा, बरोबर कोणते मराठी पुस्तक नेऊ?” दिवाळीच्या फराळाइतकाच हाही प्रश्न घरात गाजला. मी मालाडला राहतो. सुटीच्या दिवशी वेसाव्याहून तरीने मढला जाऊन बसण्याची माझी जुनी खोड आहे. या खेपेस पिशवीत पुस्तके भरून गेलो.

मराठी माणसाचा भूमध्य समुद्राशी परिचय मुख्यतः बोटीच्या डेकवरून झाला. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाल्यानंतर विलायतेला जाणारा प्रत्येकजण त्यातून गेला. किनारा त्याने दुरून पाहिला, दुर्बिणीतून पाहिला. आमच्या स्मरणात त्या समुद्राचे एकच गाव ठसले आहे, ते मार्सेलिस. आणि तेही ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून तिथे उडी घेतली म्हणून. त्या दिवशी पाणी निळे होते की हिरवे, हे कोणी विचारले नाही, आणि ते योग्यच झाले.

पुढे प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार म्हणून उभा राहिला. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चे, गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ चे, आणि १९६० साली ‘अपूर्वाई’ आली. ‘अपूर्वाई’ घराघरांत गेली, त्याचे एक कारण असे की तो प्रवास जोडप्याचा आहे. एक जण गडबडतो, दुसरे माणूस सावरते; विनोद त्या दोघांच्या मधल्या जागेत जन्म घेतो. ‘आम्ही’ हा शब्द त्या पुस्तकाला फार मोठा आधार देतो. परमुलखात दोन माणसे मराठी बोलत असली की तेवढी जागा मराठी होऊन जाते. यात दोष नाही. पण त्यामुळे बाहेरचा माणूस पुष्कळदा हसण्याचा विषय होतो, बोलण्याचा सोबती होत नाही.

एकट्याने फिरणाऱ्याला ही सोय नाही. म्हणूनच मीना प्रभूंची पुस्तके मला या प्रकारात वेगळी वाटतात. पेशाने डॉक्टर, घर लंडनला. पुष्कळसा प्रवास एकटीने केलेला. २०२५ साली त्या गेल्या. ‘तुर्कनामा’, ‘ग्रीकांजली’, ‘रोमराज्य’, ‘इजिप्तायन’ ही चार पुस्तके एका ओळीत मांडली की अर्ध्याहून अधिक भूमध्य समुद्राला प्रदक्षिणा होते. नावे पाहा: नामा, अंजली, राज्य, अयन. परका देश आधी आपल्या देवघरातल्या किंवा बखरीतल्या शब्दाला बांधायचा आणि मग उंबरा ओलांडायचा. कोटी म्हणून या नावांना नाक मुरडणारे आहेत. मीही एके काळी मुरडले होते. आता वाटते, एकटी निघालेली बाई दाराला लावलेले तोरण एकदा वळून पाहते, तसे ते आहे.

त्यांचा दोष सांगायलाच हवा. त्यांना काही टाकवत नाही. प्रत्येक शहराचा इतिहास मुळापासून, प्रत्येक राजा नावानिशी. ‘रोमराज्य’ तर दोन भागांत गेले. वाचता वाचता कधी कधी वाटाड्याचाच आवाज ऐकू येतो आणि लेखिका मागे राहते. पण माणूस समोर आला की लेखन लगेच जिवंत होते. भाषेची अर्धवट देवघेव, फसगत, पाहुणचार: हे सारे त्या वाचकाला आपल्याबरोबर जागेवर नेऊन दाखवतात. शेजारी कोणी मराठी बोलणारे नसल्यामुळे त्यांना समोरच्याशीच बोलावे लागते, आणि हा नाइलाज हेच त्यांच्या लेखनाचे मोठे भांडवल आहे.

मढला मी हे वाचत बसलो होतो तिथे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. जवळच एक ओळखीच्या कोळीण मावशी जाळ्याचे काम घेऊन बसल्या होत्या. रविवार असल्याने शहरातली मंडळी त्या बोंबलांचीच छायाचित्रे घेत होती. नाकाला रुमाल लावून. मावशींनी विचारले, “काय वाचताव भाऊ?” मी सांगितले, एक बाई एकटीच देशोदेशी फिरली, त्याचे पुस्तक आहे. त्यांनी बराच वेळ सूत ओढले आणि म्हणाल्या, “एकलीच? मंग जेवली कोनासंगं?”

प्रवासवर्णनाची याहून नेमकी कसोटी मला कोणत्याही समीक्षाग्रंथात सापडलेली नाही. किनाऱ्याचे वर्णन पानभर असेल, पण लेखक जेवला कोणाबरोबर हे कळले नाही, तर तो तिथे गेला होता याला पुरावा काय? मीना प्रभू या कसोटीला उतरतात. सोनेरी सूर्यास्तवाले बहुतेक लेख उतरत नाहीत; त्यांतला प्रवासी समुद्राबरोबर जेवतो.

मावशींना मी त्या बिनभरतीच्या समुद्राविषयी सांगितले. त्यांचा विश्वास बसेना. डोल जाळे एका जागी बांधलेले असते; भरती-ओहोटीच्या ओढीने पाणी त्यातून वाहते आणि मासळी त्यात सापडते. ओढच नसेल तर बोंबील यायचा कुठून? मग तिथली माणसे खातात काय? मी चेताराचे नाव घेतले. अमाल्फीच्या पूर्वेला हे कोळ्यांचे गाव आहे. रात्री दिव्यांच्या उजेडात मांदेलीएवढी मासळी पकडतात, लाकडी पिंपात मिठाच्या थरांत दाबून महिनोन्‌महिने ठेवतात, आणि तिचे जे सोनेरी पाणी ठिबकते ते जपून बाटलीत भरतात. त्याला कोलातुरा म्हणतात. मावशी प्रथमच जाळे बाजूला ठेवून नीट बसल्या. किती दिवस दाबतात, मीठ किती, वास येतो का, विकतात कोण, बायका की बाप्ये? यांतल्या निम्म्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते.

ज्या लेखांनी मला पोझितानोची रंगीत घरे आठ वेळा दाखवली, रावेल्लोच्या बागेत १८८० साली वाग्नेर कसा हरखला तेही सांगितले, त्यांतल्या एकानेही मला मिठाचे प्रमाण सांगितले नव्हते. रमणीय हा शब्द लागला की त्या जागेवर राहणाऱ्यांचा उद्योग दिसेनासा होतो. मढचेही तेच झाले आहे. बंगले, चित्रपटांचे चित्रण, किल्ल्यामागचा सूर्यास्त. आणि मांडवांवरच्या बोंबलांकडे ‘जरा वास येतो’ एवढेच लक्ष.

भाचीला मी शेवटी ‘रोमराज्य’ दिले. तिच्या आईने दोन्ही भाग हातावर तोलून पाहिले आणि सामानाच्या वजनाचा प्रश्न काढला. एकटेपणाचा प्रश्न त्यामुळे दोन दिवस मागे पडला. मी भाचीला एवढेच सांगितले की सूर्यास्ताविषयी लिहू नकोस, रोज कोणाबरोबर जेवलीस ते लिही. मावशींनीही निरोप दिला आहे: त्या सोनेरी पाण्याची एक बाटली आणायची. बदल्यात मढचे सुके बोंबील चेताराला न्यायचे की नाही, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.