अठ्ठेचाळीस मतं आणि पाच लाख मुलाखती

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाबद्दल बोललो. आज त्याचंच एक घरातलं उदाहरण घेऊ. मी अंधेरीचा मतदार. आमच्या मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात 2024 साली रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांचा अवघ्या 48 मतांनी पराभव केला. मतदान साधारण साडेनऊ लाखांचं. म्हणजे लाखाला पाच मतं! हा निकाल आधी सांगू शकेल असा सर्वेक्षक जगात नाही, आणि तसा दोष मी कुणाला देणारही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. अ‍ॅक्सिस माय इंडियाचे प्रदीप गुप्ता यांनी त्या निवडणुकीत पाच लाखांहून अधिक मुलाखती घेतल्या. 2019 चा त्यांचा अंदाज अचूक ठरला होता, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. या वेळी त्यांनी एनडीएला 361 ते 401 जागा दिल्या, मिळाल्या 293. महाराष्ट्रात 28 ते 32 सांगितल्या, आल्या 17. 4 जूनला वाहिनीवर त्यांना रडू कोसळलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

आता बघा, चूक निव्वळ योगायोगाची असती तर काही जागा इकडे चुकल्या असत्या, काही तिकडे, आणि बेरीज साधारण जमली असती. इथे सगळी चूक एकाच बाजूला गेली. म्हणजे नमुना लहान नव्हता, वाकडा होता. 1936 साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट'कडे वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, तरी रूझवेल्ट हरणार असं त्यांनी छापलं. रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली. तेव्हा आकडा मोठा असला की तो खरा असतो, असं नाही.

मग काही जण म्हणतात, हे सगळे विकले गेलेले. मला ते पटत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात याच संस्थेने महायुतीला 178 ते 200 जागा दिल्या, आल्या 230. म्हणजे चूक उलट्या दिशेला. पक्षपाताचा आरोप करायला याहून बरा पुरावा लागतो.

खरा प्रश्न ज्ञानाचा आहे. मुलुंडच्या टॉवरमध्ये वॉचमन प्रश्नावलीवाल्याला वर सोडत नाही. चाळीत दार उघडं असतं, पण उत्तर देणारा आधी शेजारी कोण उभं आहे ते बघतो. सर्वेक्षकाला मिळतं ते मत नव्हे, मताबद्दलचं विधान. मतपत्रिका गुप्त ठेवली ती याच कारणासाठी. त्यातही टक्क्यांवरून जागा काढणं हे दुसरंच धाडस. महाराष्ट्रात लोकसभेला दोन आघाड्यांच्या मतांत एक टक्काही फरक नव्हता. जागा मात्र 30 आणि 17.

आणि याची किंमत मोजावी लागते. 3 जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला, 4 जूनला चार हजारांहून अधिक कोसळला. घाटकोपर-बोरिवलीतल्या किती घरांत त्या दिवशी जेवण गोड लागलं नसेल, सांगा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. किती जणांनी उत्तर नाकारलं, कुणाच्या उत्तराला किती वजन दिलं, टक्क्यांवरून जागा कशा काढल्या, हे जागांच्या आकड्याआधी सांगा. गुप्तांचे अश्रू प्रामाणिक होते, असं मी मानतो. पण अश्रूंनी पद्धत तपासता येत नाही. ती उघडी ठेवावी लागते.

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.