ल्हासेच्या वाटेवरील काव्य : देवकोटांचे ‘मुनामदन’

नेपाळ म्हटले की आमच्या देवालयांच्या सभामंडपांत पशुपतिनाथाचे नाव निघते, मुक्तिनाथाचे निघते, गंडकीतील शाळिग्रामाचे निघते. आणि बहुधा तेथेच बोलणे थांबते. सत्तावन्नच्या उठावानंतर नानासाहेब पेशव्यांच्या कुटुंबास त्या देशाने आश्रय दिला, एवढे एखादा जाणता त्यात भर घालतो. परंतु ज्या लोकांनी ही क्षेत्रे राखिली त्यांचे गाणे-बोलणे कसे आहे, याची विचारपूस आम्ही क्वचितच केली. वस्तुतः त्यांची लिपी आमचीच देवनागरी, आणि निम्मे शब्द ओळखीचे. थोड्या साहाय्याने मराठी वाचकास मुळातूनच वाचता येईल असे एक काव्य त्या भाषेत आहे. लक्ष्मीप्रसाद देवकोटा (१९०९-१९५९) यांचे, १९३६ साली प्रसिद्ध झालेले ‘मुनामदन’ ते हे.

कथा दोन ओळींत सांगता येण्याजोगी आहे. काठमांडूचा मदन तरुण पत्नी मुना व वृद्ध माता यांना घरी ठेवून धन मिळविण्यास ल्हासेस जातो. घरावर ऋण आहे. मुनेच्या हाती सोन्याचे कंकण घालावे अशी त्याची हौस आहे. आणि आईच्या मनात वाटसरूंसाठी धर्मशाळा व पाण्याची धार बांधण्याची इच्छा आहे. या अखेरच्या कारणापाशी आमचा वाचक खचित थांबेल. पुण्यकृत्यासाठी पैसा हवा, आणि पैशासाठी घर सोडावयास हवे, हा पेच आमच्या किनारपट्टीस नवा नाही. ल्हासेत मदन ठरल्यापेक्षा अधिक दिवस रेंगाळतो, परतीच्या वाटेवर आजारी पडतो, सोबती त्याला टाकून पुढे जातात. एक भोटे, म्हणजे तिबेटी डोंगरी माणूस, त्याला उचलून घरी नेतो आणि बरा करतो. इकडे मुनेवर डोळा ठेवणारा एक दुष्ट मदन मेल्याचे खोटे पत्र धाडतो. मदन परततो तेव्हा मुना गेलेली असते. मग आई जाते, आणि शेवटी तोही.

ही कल्पित वाट नव्हे. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार व्यापाऱ्यांच्या कोठ्या ल्हासेत पिढ्यान्‌पिढ्या होत्या. १८५६ च्या तहाने त्यांना तेथे विशेष हक्कही मिळाले होते. कुती व केरुंग या घाटांतून माल जाई-येई. गेलेला माणूस कित्येक वर्षे परतत नसे. नेवार भाषेत अशा विरहिणीचे एक जुने गीत आहे, आणि देवकोटांच्या कथेचे बीज त्यातच असल्याचे अभ्यासक मानतात. ज्या देशास समुद्र नाही त्याचा समुद्र म्हणजे हा हिमालय. त्याच्या पलीकडे गेलेल्याची वाट पाहणाऱ्या स्त्रिया आणि आमच्या गोव्यातील तारवट्यांच्या बायका यांचे दुःख एकाच जातीचे आहे. आज त्याच नेपाळचे तरुण आखातात आणि मलेशियात मजुरीस जातात, तेव्हा तेथील लोकांस हे काव्य पुनःपुन्हा आठवते, ते उगाच नव्हे.

आता छंदाविषयी. नेपाळी काव्याचा राजमार्ग भानुभक्त आचार्यांनी (१८१४-१८६८) घालून दिला होता. त्यांचे रामायण अध्यात्मरामायणाच्या आधारे, संस्कृत वृत्तांत रचलेले. मोतीराम भट्टांनी ते १८८७ साली समग्र छापून घराघरांत पोहोचविले. आमच्या मोरोपंतांच्या वाचकास ही वृत्तांची शिस्त परकी वाटणार नाही. देवकोटांना ती शिस्त येत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. पुढे १९४५ मध्ये त्यांनीच ‘शाकुन्तल’ हे महाकाव्य संस्कृत वृत्तांत लिहिले. असा कवी ‘मुनामदन’साठी झ्याउरे नावाची लोकचाल निवडतो. ती मेळ्या-जत्रांत, शेता-डोंगरांत गाइली जाणारी, आणि पंडितांनी ग्राम्य म्हणून दूर ठेवलेली. आमच्याकडे जात्यावरची ओवी हलकी मानणारे पंडित होतेच की! पण ओवीस ज्ञानेश्वरांनी सातशे वर्षांपूर्वी सिंहासनावर बसविले; नेपाळात ते काम विसाव्या शतकात एका इंग्रजी शिकलेल्या ब्राह्मणाने केले. झ्याउरेची लय हलत्या पाळण्यासारखी आहे. मुनेच्या विनवण्या तीत इतक्या सहज बसतात की ऐकणाऱ्यास कवीचे अस्तित्वच जाणवत नाही.

तथापि दोष झाकण्याचे कारण नाही. खोट्या पत्राची युक्ती नाटकी आहे. तो दुष्ट मनुष्य केवळ कथा पुढे ढकलण्यासाठी आणलेला दिसतो; त्यास स्वतःचे मन नाही. अखेरीस मृत्यूमागून मृत्यू येतात, आणि तिसऱ्यापाशी आमचे अश्रू थोडे आटलेले असतात. मुना मात्र आरंभीच्या संवादात जिवंत आहे. दारिद्र्य पत्करीन, वियोग नको, असे ती स्पष्ट म्हणते, आणि तिचा युक्तिवाद पतीच्या युक्तिवादापेक्षा बळकट आहे. कवीने पुढे तिला नुसते रडावयास लावले, याचे आम्हांस वाईट वाटते.

परंतु काव्याचा खरा भार आहे तो भोट्याच्या झोपडीवर. हे समजण्यास त्या काळचा कायदा ठाऊक हवा. जंगबहादूर राणाच्या १८५४ च्या मुलुकी ऐनाने साऱ्या प्रजेची जातवार उतरंड लावून दिली होती. वर ‘तागाधारी’, म्हणजे जानवे घालणारे; खाली मद्य पिणारे; त्यांतही ज्यांस दास करता येई असे. भोटे या दासयोग्य वर्गात मोडत. दास्य १९२४ मध्ये संपले, पण उतरंड कायद्यात राहिली, ती १९६३ पर्यंत. तिबेटातून परतलेल्यास शुद्धीसाठी प्रायश्चित्त घ्यावे लागे. अशा राज्यात, राणांची सत्ता असताना, कवीने काय दाखविले? क्षत्रियाचा मुलगा भोट्याच्या हातचे खाऊन-पिऊन जगतो आणि त्याच्या पायांस स्पर्श करतो. मोठेपण मनाचे असते, जातीचे नव्हे, हे मान्य करतो. मदन देऊ करतो ते सोने भोटे नाकारतो. म्हणजे ज्याच्यासाठी घर मोडले, ते सोने देऊनही ऋण फिटत नाही.

या प्रसंगावर आम्ही जरा अडखळलो, हे कबूल करतो. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारी, बाहेर. आणि ते मंदिर सर्वांस उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले. त्याच्या अकरा वर्षे आधीचे हे काव्य. आमच्याही देवालयांत कोणी कोणत्या पायरीपर्यंत यावे याच्या रेषा होत्या, आणि त्या आखणारे परके नव्हते. मदनाची गोष्ट वाचताना डोळे पुसणे सोपे आहे. त्याने पायांस हात लावला त्या ओळीपाशी आपला हात आखडतो की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.

एक तक्रार उरते, आणि ती आमच्या मते सर्वांत मोठी. मदनास नाव आहे, मुनेस आहे, भोट्यास नाही. आदीपासून अंतापर्यंत तो केवळ ‘भोटे’. ज्याच्यामुळे काव्य मोठे झाले त्याला कवीने जातीच्याच नावाने हाक मारली. हे अनवधान की त्या काळच्या वाचकास जाणीवपूर्वक दिलेला चिमटा, यावर आमच्या मंडळींत दोन मते पडली आहेत. आम्ही पहिल्या मताचे आहोत.

कर्करोगाने खंगलेल्या देवकोटांचे १४ सप्टेंबर १९५९ रोजी पशुपतिनाथाच्या आर्यघाटावर देहावसान झाले. माझे बाकी सारे लेखन जाळले तरी चालेल, ‘मुनामदन’ मात्र राखा, असे ते अखेरीस म्हणाल्याची आठवण नेपाळात सर्वत्र सांगितली जाते. ‘शाकुन्तल’ वाचलेल्यास ही निवड प्रथम चमत्कारिक वाटेल. यात्रेस जाणाऱ्या मंडळींनी परतताना शाळिग्रामाबरोबर या काव्याची एक प्रत आणावी. काठमांडूत ते सहज मिळते, आणि झोळीत फारशी जागा घेत नाही.