‘अंगाला लागत नाही’ : १६ माणसांचा एक पेपर आणि आपली जिम

‘मी कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही.’ हॉस्टेलमध्ये राहिलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं, बऱ्याच जणांनी म्हटलेलंही असतं. जिम लावून दोन महिने झालेले असतात, काटा ५२ वरून हलत नाही, टी-शर्टच्या बाह्या तशाच ढगळ. मग जिममधलं कोणीतरी निदान करून टाकतं, ‘तू हार्डगेनर आहेस, तुझा मेटाबॉलिझम फास्ट आहे.’ हल्ली तर त्यावर पुरावाही दिला जातो. आणि तो पुरावा म्हणजे खराखुरा पेपर असतो, ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. आज तो पेपर वाचू या. पेपर चांगला आहे हे आधीच सांगतो. माझी तक्रार मुख्यतः त्याच्या नावावर जे खपवलं जातं त्याबद्दल आहे, आणि थोडी त्याच्या सारांशातल्या एका शब्दाबद्दल.

१९९९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लिव्हाइन, नॉर्मन एबरहार्ट आणि मायकल जेन्सन यांनी तो लिहिला. स्थूल नसलेली १६ माणसं घेतली. वजन स्थिर ठेवायला प्रत्येकाला किती खावं लागतं ते आधी ठरवलं आणि त्यावर रोज १००० कॅलरी जास्त खायला दिल्या (इथे कॅलरी म्हणजे सगळीकडे किलोकॅलरी). हे आठ आठवडे चाललं. शेवटी सगळ्यांच्या अंगावर चरबी वाढली, पण सारखी नाही. सगळ्यात कमी वाढ ०.३६ किलो, सगळ्यात जास्त ४.२३ किलो. म्हणजे दहापटीहून जास्त फरक. मग उरलेली ऊर्जा गेली कुठे? लेखकांचं उत्तर ‘नीट’. व्यायाम सोडून दिवसभरात आपण जी हालचाल करतो, म्हणजे पाय हलवणं, उठबस, चुळबुळ, ताठ बसणं, त्यात जाणारी ऊर्जा. रोजच्या एकूण खर्चात जी वाढ झाली तिच्यातली दोन तृतीयांश वाढ ‘नीट’ची होती. एकाची ‘नीट’ रोज ६९२ कॅलरींनी वाढली, तर एकाची उलट ९८ ने कमी झाली. ‘नीट’मधला बदल आणि चरबीची वाढ यांचा सहसंबंध गुणांक उणे ०.७७.

आता जिमची आवृत्ती. ‘काही लोक जास्त खाल्लं की आपोआप जास्त हलतात, सगळं जाळून टाकतात, म्हणून त्यांचं वजन वाढतच नाही. तू त्यांच्यातला.’

पहिली गोष्ट, हा पेपर बारीक लोकांवरचा नाहीच. स्थूल नसलेली आणि बारीक हे दोन वेगळे गट आहेत. दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची : ज्याचं वजन सगळ्यात कमी वाढलं त्याचंही १.४ किलो वाढलं. ‘वाढतच नाही’ असा माणूस त्या १६ जणांत एकही नव्हता. तिसरी, पेपरच्या शीर्षकात ‘फॅट गेन’ आहे, स्नायू नाही. सहभागी लोकांचा व्यायाम मुद्दाम कमी पातळीवर स्थिर ठेवला होता. त्यांनी वजनं उचललीच नाहीत. जो पेपर न उचलणाऱ्यांच्या चरबीबद्दल बोलतो, तो उचलणाऱ्याच्या दंडाबद्दल काही सांगत नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ. सारांशात म्हटलंय की ‘नीट’मधला बदल चरबी न वाढण्याचं थेट भाकीत करतो. ‘प्रेडिक्ट’ हा शब्द दिसला की तुम्ही एक सवय लावून घ्या, भाकीत करणारी गोष्ट आधी मोजली होती का ते बघा. इथे आधी मोजलेली नाही. ‘नीट’ आठ आठवड्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजून बदल काढलाय, चरबीचंही तसंच. दोन्ही बदल एकाच काळातले. म्हणजे उपाशीपोटी कोणाला बघून ‘हा वाढणार नाही’ असं या आकड्यावरून सांगता येत नाही.

यात अजून एक गंमत आहे. जादा खाणं सगळ्यांचं सारखंच, १००० कॅलरी. ऊर्जा कुठेतरी जाणारच, साठेल किंवा खर्च होईल. ज्याच्या अंगावर कमी साठली त्याने जास्त खर्च केलीच असणार, हा निष्कर्ष नाही, हिशेब आहे. खर्चाचे मोठे तीन भाग : पडून असताना लागणारी ऊर्जा, अन्न पचवायला लागणारी ऊर्जा आणि हालचाल. पहिले दोन फारसे वाढले नाहीत, व्यायाम बांधलेला. मग उरलं कोण? ‘नीट’ थेट मोजलीच नव्हती, एकूण खर्चातून बाकीचं वजा करून काढली होती. वजाबाकीत जे उरतं त्याला नाव दिलंय. तरीही या सहसंबंधाला किंमत आहे, कारण चरबी डेक्सा स्कॅनने वेगळी मोजली होती आणि एकूण खर्च वेगळ्या पद्धतीने. दोन स्वतंत्र मापनं एकमेकांशी जुळली, ही चांगली तपासणी झाली. पण तिला भाकीत म्हणणं जरा जास्त होतं.

मापनाची ती वेगळी पद्धत समजून घ्या, कारण पुढे परत लागेल. तिचं नाव डबली लेबल्ड वॉटर. पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही जड समस्थानिकांचे असतात. ते प्यायलं की जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर जातो, जड ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्हींवाटे. दोघांच्या कमी होण्याच्या वेगातल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला ते कळतं आणि त्यावरून खर्च झालेली ऊर्जा. माणूस घरी नेहमीसारखा वावरत असताना हे मोजता येतं, म्हणून पद्धत सुंदर आहे. पण एका माणसाचा एक आकडा अगदी नेमका नसतो. समजा एका मापनात ५ टक्के इकडेतिकडे होतं. रोजचा खर्च २८०० असेल तर चूक १४० ची. आधीचं आणि नंतरचं मापन वजा केलं की चूक १.४ पट होते, म्हणजे जवळपास २००. त्यात इतर दोन भागांच्या चुका अजून धरल्या नाहीत. अशा चुका असताना १६ जणांत दोन टोकांमध्ये काहीशे कॅलरींचं अंतर नुसत्या योगायोगानेही पडू शकतं. गटाचा कल खरा आहे, नाहीतर ०.७७ आलाच नसता. पण ‘६९२ कॅलरी जाळणारा माणूस’ हा एका व्यक्तीचा कायमचा गुण म्हणून सांगायचा असेल, तर त्याच माणसाला काही महिन्यांनी पुन्हा आठ आठवडे खायला घालून बघायला हवं. ते इथे केलेलं नाही.

याच्याशी जवळचं काम कॅनडात झालं होतं. क्लॉड बुशार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एकसारख्या जुळ्या मुलांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्त दिल्या. वजन सरासरी ८.१ किलो वाढलं, कमीत कमी ४.३ आणि जास्तीत जास्त १३.३. एका जोडीतले भाऊ एकमेकांसारखे वाढले, जोड्याजोड्यांमधला फरक जोडीतल्या फरकाच्या तिप्पट होता. एकाच माणसावर प्रयोग परत करणं जमत नाही, तेव्हा जुळा भाऊ ही त्यातल्या त्यात जवळची सोय. म्हणजे ‘प्रकृती’ नावाचं काहीतरी आहे, हे मान्यच. पण इथेही तळाचा आकडा ४.३ किलो आहे. शून्य नाही.

मग जन्मजात बारीक लोकांचं काय चालतं? त्याचा चांगला अभ्यास बराच उशिरा आला. २०२२ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये जॉन स्पीकमन यांच्या गटाने चीनमधल्या निरोगी, बीएमआय १८.५ पेक्षा कमी असलेल्या १५० जणांची तुलना सामान्य बीएमआयच्या १७३ जणांशी केली. आजारी, मुद्दाम कमी खाणारे किंवा खूप व्यायाम करणारे आधीच वगळले होते. सगळ्यांना वाटत होतं की ही मंडळी भरपूर खात आणि सारखी हलत असणार. निघालं भलतंच. ती सामान्य गटापेक्षा २३ टक्के कमी हालचाल करत होती आणि १२ टक्के कमी खात होती. पडून असतानाचा खर्च मात्र शरीराच्या मानाने अपेक्षेपेक्षा जास्त होता. ‘मेटाबॉलिझम फास्ट’ या म्हणण्यात इतका अंश खरा. पण ‘कितीही खाल्लं तरी’ यातलं ‘कितीही’ टिकलं नाही.

दोन पेपर एकमेकांविरुद्ध जातात असं पटकन म्हणू नका. एक जबरदस्तीने जास्त खायला घातल्यावर काय होतं ते सांगतो, दुसरा कोणी काही न करता रोज काय चालतं ते. प्रश्न वेगळे, उत्तरं वेगळी. व्हायव्हामध्ये हा फरक दाखवता आला तरी परीक्षक खूश होतात.

‘कितीही’बद्दल अजून थोडं. आपण किती खातो हे आपल्याला कळतं, हा समज धोक्याचा आहे. १९९२ मध्ये लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी ‘आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या दहा स्थूल व्यक्तींचं खाणं तपासलं. त्यांनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी होतं. ती खोटं बोलत होती असं नाही. बारीक माणूस उलट्या बाजूने चुकतो असं यावरून सिद्ध होत नाही, पण शंका घ्यायला जागा आहे. लग्नात सहा जिलब्या खाल्लेल्या लक्षात राहतात. सबमिशनच्या आठवड्यात तीन दिवस चहा-बिस्किटांवर काढलेले कोण लिहून ठेवतं?

स्नायूंच्या बाजूला पेपर भरपूर आहेत, मी एकाच आकड्यावर थांबतो. २००५ मध्ये मोनिका ह्यूबल आणि सहकाऱ्यांनी ५८५ जणांना १२ आठवडे एकाच दंडाचा व्यायाम दिला. दंडाच्या स्नायूचा छेद उणे २ टक्क्यांपासून ५९ टक्क्यांपर्यंत बदलला, सरासरी सुमारे १९ टक्के. सोशल मीडियावर यातली फक्त दोन टोकं फिरतात. मधली शेकडो माणसं कोणी दाखवत नाही. आणि एक स्नायू, एक कार्यक्रम, १२ आठवडे यावरून कोणाला आयुष्यभराचा ‘नॉन-रिस्पॉन्डर’ ठरवणं म्हणजे एका इंटर्नलवरून पीएचडीला अपात्र ठरवण्यासारखं आहे.

या शिक्क्याने नुकसान काय होतं? दोन प्रकारची मुलं मी बघतो. एक जिम सोडतात, ‘आपल्या नशिबात नाही.’ दुसरी स्टायपेंडमधून मास गेनरचा डबा आणतात. डब्याच्या मागचं लेबल वाचा, बहुतेकांत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेलं कर्बोदक, सगळ्यात वर असतं. प्रोटीनबद्दल मॉर्टन आणि सहकाऱ्यांचं २०१८ चं विश्लेषण आहे, ४९ अभ्यास, १८६३ माणसं. वजनं उचलणाऱ्यांनी वरून प्रोटीन घेतल्यावर चरबीविरहित वजनात पडलेली सरासरी भर ०.३ किलो. आणि वजनाच्या दर किलोला रोज १.६ ग्रॅमच्या पुढे फायदा दिसेनासा होतो. पण त्या १.६ भोवतीचा विश्वासांतराल १.०३ ते २.२० आहे. ५२ किलोच्या मुलासाठी ५४ ग्रॅम ते ११४ ग्रॅम. यातलं २.२ हे वरचं टोक उचलून कोणी नियम म्हणून सांगत असेल तर तो विकायला बसलाय की शिकवायला, ते बघा. मधला आकडा ८३ ग्रॅमच्या आसपास येतो. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे, ५० ग्रॅम सोयाबीन वडी इतक्यात साधारण ६५ होतात, उरलेलं मेसचं वरण आणि पोळ्या भरून काढतात. त्यातल्या दूध-शेंगदाण्यांनीच जवळपास ६०० कॅलरी येतात. डबा वाईट आहे असं नाही, पण तो सुटलेलं कोडं नाही. (काही न बदलता वजन आपोआप उतरत असेल तर हा लेख बंद करा आणि आधी डॉक्टरकडे जा. थायरॉइड, मधुमेह, टीबी यांची तपासणी जिमच्या आधी येते.)

नुसता काटा वाढवायचा सल्लाही मला पटत नाही, आणि त्याचं कारण पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोन माणसं म्हणजे डेटा नव्हे, पण त्यामागे याज्ञिक यांचं भारतीयांच्या बारीक दिसणाऱ्या, चरबी जास्त असलेल्या शरीरांवरचं अनेक वर्षांचं काम आहे. आपल्याकडच्या बारीक मुलात स्नायू कमी असतात हे खरं. पण चरबी कमी आहे हे गृहीत धरता येत नाही. त्याला ‘दिसेल ते खा, आधी वजन वाढव’ सांगणं म्हणजे चुकीचा निकाल मोजणं.

मला वाचायचा आहे तो पेपर अजून माझ्या हाती लागलेला नाही. बीएमआय १८.५ खालची, पहिल्यांदाच जिमला आलेली भारतीय मुलंमुली. सगळ्यांना सारखा, देखरेखीखालचा व्यायाम. अर्ध्यांना मोजून रोज ४०० कॅलरी जास्त, अर्ध्यांना नेहमीचं जेवण. सहा महिने. आधी आणि नंतर डेक्सा, मध्ये दोनदा डबली लेबल्ड वॉटर, आणि शक्य झालं तर त्याच मुलांवर वर्षभराने गट बदलून पुन्हा. शेवटच्या भागात एक घोळ आहे, पहिल्या सहा महिन्यांत कमावलेले स्नायू दुसऱ्या फेरीत शून्यावर येत नाहीत. हा घोळ कसा सोडवाल ते खाली लिहा, पुढची पोस्ट त्यावरच करू.