'अनुरव' म्हणजे प्रतिध्वनी नव्हे

पाली 'अनुरव' या शब्दासाठी मराठीत लिहिताना 'प्रतिध्वनी' हा शब्द सहज हाताशी येतो. हा पर्याय आम्हांस सदोष वाटतो. प्रश्न केवळ शब्दशुद्धीचा नाही. या एका शब्दाने ध्यानविषयक एका महत्त्वाच्या संज्ञेचा अर्थ पालटतो.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात 'विचार' या चित्तधर्माचे लक्षण सांगताना भदन्त नागसेन काशाच्या थाळीचा दृष्टान्त देतात. थाळीवर पडलेला टोला म्हणजे वितक्क, आणि त्यामागून घुमत राहणारा नाद म्हणजे विचार. इसवी सनाच्या ५ व्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त पृथ्वीकसिणाच्या विवेचनात हाच भेद घंटेच्या दृष्टान्ताने मांडला. वितक्क स्थूल व पुढे जाणारा, तर विचार सूक्ष्म. आलंबनावर चित्ताचा पहिला आघात वितक्काचा, व तेथेच टिकून राहणे विचाराचे. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेल्या १९४० च्या देवनागरी आवृत्तीत जिज्ञासूंना हे मूळ पाहता येईल.

प्रतिध्वनीस दुसरा पृष्ठभाग लागतो. हाक कड्यावर आदळून परत येते, आणि ती वेगळी ऐकू येण्यास कडा निदान सुमारे १७ मीटर दूर असावा लागतो. अनुरवास असे काही लागत नाही. टोला पडून गेल्यावर घंटा स्वतःच कंप पावत राहते. विचारास 'प्रतिध्वनी' म्हटले, की तो वितक्कास बाहेरून मिळालेला प्रतिसाद ठरतो. बुद्धघोषांचा 'अनुप्पबंध' हा शब्द मात्र अखंड अनुबंध सुचवितो. अभिधम्मातील पंचविध ध्यानक्रमात दुसऱ्या ध्यानात वितक्क शमतो व विचार उरतो. टोला थांबला तरी नाद टिकतो, हे ध्यानात घेतल्यास ही अवस्था सहज उमगते.

प्रतिध्वनीचा दृष्टान्त बौद्ध वाङ्मयात आहेच, पण त्याचे प्रयोजन निराळे. प्रज्ञापारमिता ग्रंथांत माया, स्वप्न, मृगजळ यांच्या पंक्तीस 'प्रतिश्रुत्का' येते. ऐकू येते, परंतु तेथे बोलणारा कोणी नसतो. धर्मांची निःस्वभावता दाखविण्यास हा दृष्टान्त समर्पक होय. दोन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द योजल्यास दोन्ही दृष्टान्त बोथट होतात.

'अनुरव' तसाच ठेवावा, किंवा 'अनुरणन' म्हणावे, असे आम्ही सुचवितो. आनंदवर्धनांच्या ध्वनिविचारामुळे तो शब्द मराठी अभ्यासकांस परका नाही.

'धम्मपदा'च्या दण्डवग्गातील १३४ वी गाथाही या दृष्टीने पाहावी. तेथे शांत झालेल्या पुरुषास फुटक्या काशाची उपमा आहे. अट्ठकथेनुसार ही काठ कापून केवळ तळ उरलेली थाळी होय. तेथील नीरवता समोरचा कडा दूर केल्याने आलेली नाही. भांड्यातच घुमण्याजोगे काही उरलेले नाही. प्रतिध्वनीच्या कल्पनेने वाचणारा साधक आपल्या अशांतीचे कारण बाहेर शोधील. गाथा त्यास स्वतःकडे पाहावयास सांगते.