'पक्के' म्हणजे काय?

घरांचे प्रकार शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो : कच्चे घर आणि पक्के घर. मातीचे घर पहिल्या रकान्यात, विटा-सिमेंटचे दुसऱ्यात. उत्तर तपासायला सोपे असल्याने ही विभागणी वर्षानुवर्षे टिकली आहे. विज्ञानाच्या तासाला मात्र ती अपुरीच नव्हे, तर दिशाभूल करणारी आहे असे आम्हांला वाटते.

'पक्का' हा शब्द 'पक्व' वरून आला. शिजलेला, भाजलेला हा त्याचा मूळ अर्थ. 'टिकाऊ' हा अर्थ मागाहून जोडला गेला. घोटाळा इथेच होतो. जे भाजलेले ते टिकाऊ आणि न भाजलेले ते तकलादू, असे आपण न तपासता धरून चालतो.

बुलडाणा जिल्ह्यातील रोहिणखेडची मशीद पाहा. खुदावंतखानाने ती १५८२ मध्ये बांधली. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ चे. म्हणजे ही दगडी इमारत सिमेंटहून २४२ वर्षांनी वडील आहे. वऱ्हाडातील जुनी धाब्याची घरे घ्या. त्यांच्या छतावर शेतातली काळी माती घालत नसत, पांढरी घालत. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की तडकते. असे छत पहिल्याच पावसात गळेल. मातीमातीतला हा फरक 'कच्चे' या एका शब्दात बुडून जातो.

आता भाजण्याची किंमत पाहू. सिमेंटसाठी चुनखडक व चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. शुद्ध चुनखडकाच्या दर १०० किलोमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड खडकातूनच बाहेर पडतो. भट्टीतल्या कोळशाचा वेगळा. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे.

म्हणून मातीचे गोडवे गावेत काय? तेही आम्हांला मान्य नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, सांध्यात नुसती माती, भिंतीची आतली व बाहेरची बाजू बांधून ठेवणारे लांब दगड नाहीत आणि वर धाब्याचे प्रचंड वजन. दोष एकट्या मातीचा नव्हता, जोडणीचाही होता. पण 'पर्यावरणस्नेही' घरांवर लिहिणारे ही गोष्ट बहुधा गाळतात.

खरे पर्याय या दोन टोकांच्या मध्ये आहेत. पारस आणि दीपनगर येथील औष्णिक वीजकेंद्रांची राख सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत मिसळता येते. सिमेंट भिजल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी तिची रासायनिक क्रिया होऊन ती स्वतःच बंधक बनते. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक वापरून सिमेंटमधील भट्टीचा माल निम्म्यावर आणण्याची पद्धतही आता भारतीय मानकांत आली आहे. मुरमाड मातीत ५ ते १० टक्के सिमेंट घालून यंत्राने दाबलेल्या विटांना भट्टी लागतच नाही. मात्र ही कृती काळ्या मातीला जशीच्या तशी लागू पडत नाही. तिला चुना अधिक मानवतो. शिवाय राख कोळशाचीच असते, हेही विसरू नये. यातले काहीही सिमेंटला पूर्ण हद्दपार करत नाही, गरज कमी करते.

तेव्हा शिक्षकांनी दोनऐवजी चार रकाने आखावेत : साहित्य कोणते, वजन किती पेलते, पाण्यात टिकते का, भाजायला इंधन किती लागले. विद्यार्थ्यांनी आपल्याच गावातील घरे, देवळे, मशिदी, शाळा पाहून ते भरावेत. पाण्याच्या उंच टाकीला काँक्रीटच हवे, हे त्यातून कळेल. एकमजली घराच्या प्रत्येक भिंतीला ते हवेच असे नाही, हेही कळेल.